पेटीवाल्या हाताला पियानो जमेल का?

प्रश्न : मी मूळची कराडची. बरीच वर्षं सिडनीत आहे, सध्या पेंडल हिलमध्ये. माहेरी आईच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कुणाकडे शिकले नाही, ऐकून ऐकूनच हात बसला. मुलगी लहानपणी पियानो शिकत होती. सिलेक्टिव्ह शाळेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू झाला आणि पियानो सुटला तो सुटलाच. आता ती शिकायला मेलबर्नला गेली आणि तिचा डिजिटल पियानो हॉलमध्ये चादर पांघरून उभा आहे. परवा चादर काढून बसले. उजव्या हाताने दोन-तीन अभंग लगेच निघाले. डावा हात मात्र लाकडासारखा पडून राहतो. शिवाय वाजवलेलं कानाला कोरडं, तुटक लागतं; पेटीवर तीच चाल कशी भरून येते. या वयात (54) पियानो शिकता येईल का? पेटीचा उपयोग होईल की ती सवयच आडवी येईल? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पेंडल हिल

उत्तर : वयाची शंका आधी मिटवू. तुमच्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर, रोझहिलला, एलिझाबेथ फार्म आहे. 1793 मध्ये बांधायला घेतलेलं हे घर आता संग्रहालय आहे. त्याची मालकीण एलिझाबेथ मॅकआर्थर. मेंढ्या आणि लोकर म्हटलं की इथल्या शाळकरी मुलांना मॅकआर्थर आठवतात. पियानोसाठी त्यांचं नाव कुणी घेत नाही. 1788 साली कैद्यांना घेऊन जो पहिला ताफा सिडनीला आला, त्यातल्या 'सिरियस' जहाजावर जॉर्ज वॉर्गन नावाचा सर्जन होता. वडील लंडनमधले नावाजलेले ऑर्गनवादक, त्यामुळे हा गडी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाला तोही पियानो बरोबर घेऊन. वसाहतीत अन्नाची मारामार, शिधा कापलेला, आणि त्यात हे वाद्य! एलिझाबेथ दुसऱ्या ताफ्याबरोबर 1790 मध्ये आली. वॉर्गनने तिला धडे द्यायला सुरुवात केली. मार्च 1791 मध्ये तिने मायदेशातल्या मैत्रिणीला पत्रातून कळवलं, की आता आपल्याला 'गॉड सेव्ह द किंग' आणि एक मिन्युएट वाजवता येतो. वॉर्गन परत जाताना पियानो तिच्याकडेच ठेवून गेला. ऑस्ट्रेलियात पियानो शिकल्याच्या सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि तीतली विद्यार्थिनी म्हणजे 24 वर्षांची, पदरी लहान मूल असलेली बाई.

24 म्हणजे 54 नव्हे, कबूल. पन्नाशीनंतर बोटांना वेग यायला वेळ लागतो आणि काही धावत्या रचना कायमच्या आवाक्याबाहेर राहतात. पण मोठ्या माणसाला शिकताना जे खरं नडतं ते बोटांत नसतं. त्याचा कान हाताच्या फार पुढे गेलेला असतो. सात वर्षांच्या पोराला आपण बेसूर-बेताल वाजवतोय याचा पत्ता नसतो, ते खुशीत बडवत राहतं. तुम्हाला पहिल्या मिनिटापासून सगळं ऐकू येतं, म्हणून तर 'कोरडं, तुटक' हे शब्द तुमच्या पत्रात आले. काही महिने स्वतःचं कच्चं वाजवणं ऐकून घ्यायची तयारी असेल, तर वयाची काळजी नको.

आता पेटी. तिचा उपयोग होतो आणि ती आडवीही येते. पण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी.

उपयोग म्हणाल तर पट्ट्यांचा सगळा नकाशा तुमच्या डोक्यात आहे. दोन काळ्या, तीन काळ्या, पुन्हा दोन, पुन्हा तीन ही रचना नवशिक्याला आठवडाभर चकवते. तुम्ही 'काळी एक' म्हटलं की डोळे मिटून तिथे बोट ठेवाल. पियानोच्या बाई तिला सी शार्प म्हणतील, एवढंच. पेटीला साडेतीन सप्तकं असतील तर पियानोला सातच्या वर. पट्ट्या 88, त्यांत 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. याहून मोठी शिदोरी म्हणजे 'सा' कुठेही धरता येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. एखाद्या माउलीचा आवाज पांढरी चारला, दुसरीचा काळी एकला. भजनी मंडळात पेटीवाल्या बाईला जिथे म्हणतील तिथे जावं लागतं. इकडची मुलं महिनोन् महिने पांढरी एकच्या आसपास घुटमळतात आणि पुस्तकात पहिली काळी पट्टी आली की बिचकतात.

आता आडवं कुठे येतं ते पाहू. तुम्हाला वाजवलेलं कोरडं लागतं, त्याचं कारण वाद्याच्या पोटात आहे. पेटीत भात्याची हवा पितळी पत्तीवरून जाते, आणि पट्टी दाबलेली व हवा चालू आहे तोवर स्वर उभा राहतो. पियानोत पट्टीच्या मागच्या टोकाला नमद्याची हातोडी असते, ती तारेवर एकदा आपटते आणि मागे येते. म्हणजे स्वर उमटला त्या क्षणापासून तो विरायला लागतो. पट्टी दाबून धरली तर थोडा जास्त टिकतो, सोडली की गादी तारेवर बसून गप्प करते. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या नोकरीत असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हे यंत्र जमवलं. त्यातली त्याची खरी करामत अशी, की हातोडी तारेला लागण्याच्या किंचित आधीच बोटाच्या ताब्यातून सुटते. एकदा सुटली की वरून कितीही दाबा, त्या स्वराचं आता काही होत नाही. तुमच्या डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण जड पट्ट्यांखाली याच हातोडीची नक्कल बसवलेली असते आणि नमुना म्हणून भरलेला आवाजही तसाच विरतो.

अभंग वाजवताना पेटीवर तुम्ही काय करत होतात आठवा. चाल वाजत असताना खाली सा किंवा सा-प धरलेला असायचा, आणि भाता त्याला अखंड हवा पुरवायचा. पियानोवर तो सा-प चार-सहा सेकंदांत क्षीण होतो आणि चालीखालची जमीनच निघून जाते. म्हणजे जे काम भाता करत होता, ते आता कुणीतरी पुन्हा पुन्हा वाजवून करायला हवं. ते काम डाव्या हाताचं. गंमत पाहा, तुमचा डावा हात आयुष्यभर हेच करत आला आहे. त्याने भाता मारून आवाज जिवंत ठेवला. आता तेच काम त्याला पट्ट्यांवर करायचं आहे. तो 'लाकडासारखा' पडतो, कारण त्याच्या जुन्या कामाची जागा बदलली हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून माझा सल्ला पुस्तकाच्या पहिल्या धड्याच्या थोडा आधीपासून सुरू होतो. पांढरी एक हा सा धरा. मधल्या सप्तकाच्या खालच्या सप्तकात डाव्या हाताची करंगळी सा वर, अंगठा प वर ठेवा. पाच बोटं पाच पट्ट्यांवर अलगद बसतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेला सा आणि प एकत्र, पाचव्या मात्रेला नुसता प. एवढंच, तोंडाने मात्रा मोजत. हे चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकं अंगवळणी पडू दे. मग उजव्या हाताने पाच स्वरांत बसेल अशी एखादी चाल घ्या, तीही अर्ध्या लयीत. ती जमली की डाव्या हाताचे दोन ठोके चार करा: सा, प, वरचा सा, प. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या कितीतरी रचनांचा डावा हात कॉर्ड फोडून असाच हलता ठेवलेला सापडेल, कारण त्या काळच्या पियानोंचा स्वर तर आजच्याहून लवकर मरायचा. एक सांभाळा: अगदी खालच्या सप्तकात तीन-तीन स्वर एकत्र दाबू नका. तिथे सा-ग-प चा नुसता चिखल होतो.

आपल्याकडे दोन्ही हात मोकळे ठेवून वाजवायची परंपरा नव्हती असं कुणी समजू नये. संगीत नाटकात पायपेटी, म्हणजे ऑर्गन, होताच. भाता पायांनी, हात दोन्ही पट्ट्यांवर. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणारे गोविंदराव टेंबे स्वतः उत्तम पेटीवादक होते. त्या रंगभूमीने पायपेटी इतकी आपलीशी केली, की आजही नाट्यगीतांच्या कार्यक्रमात ऑर्गन नसला तर जुन्या रसिकांना चुकल्यासारखं होतं.

दुसरी अडचण स्पर्शाची. पेटीची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर ठरतो. पियानोची पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते, आणि ते अंतर ती किती वेगाने कापते यावर आवाज लहान-मोठा होतो. त्यामुळे पेटीवाल्यांच्या वाजवण्यात सुरुवातीला अंगठा धाडकन वाजतो, अनामिका आणि करंगळी ऐकूच येत नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे: सा रे ग म प, पाच बोटं, पाचही स्वर एकसारख्या आवाजात, आणि पुढची पट्टी तळाला पोचेपर्यंत मागची सोडायची नाही. तुमची 'तुटक'ची तक्रार निम्मी इथेच मिटेल. हे करण्याआधी पियानोच्या सेटिंगमध्ये 'टच' बंद केलेला नाही ना ते पाहा. लहान मुलं तो हमखास बंद करून ठेवतात, आणि मग नाजूक वाजवा नाहीतर बुक्क्या मारा, आवाज तेवढाच.

हातही वेगळा बसतो. पेटीसमोर मांडी घालून बसलं की हात तिरका येतो, अंगठा पट्ट्यांच्या बाहेर लोंबतो आणि काम मधल्या तीन बोटांवर भागतं. पियानोवर अंगठ्याला पूर्ण नोकरी आहे. त्याची कड पट्टीवर टेकलेली हवी, कोपर पट्ट्यांच्या पातळीला, मनगट सैल. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते, उशी घ्या. नखं कापा. पांढऱ्या पट्टीवर नखाची टिकटिक सुरू झाली की बोट आडवं पडलंय असं समजायचं.

सप्तक चढताना उजव्या हाताचा हिशेब असा: सा, रे, ग ला अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग मधल्या बोटाच्या खालून अंगठा सरकवून म वर आणायचा आणि तिथून पाचही बोटं वापरत वरच्या सा पर्यंत. डाव्या हाताने त्याच दिशेने चढताना अंगठा प वर येतो, म वर नाही. दोन्ही हात एकत्र चढवले की अंगठे वेगवेगळ्या वेळी वळतात आणि डोकं चक्रावतं. पुष्कळ जण इथे हाय खातात. त्याऐवजी दोन्ही हात उलट दिशांनी चालवा. उजवा मधल्या सा वरून वर, डावा एक सप्तक खालच्या सा वरून खाली. दोन्हीकडे तीच बोटं एकाच वेळी पडतात, अंगठेही एकदमच वळतात. शरीराला ही आरशातली हालचाल जन्मजात सोपी जाते. आठवडा-दोन आठवडे हे करून मग एका दिशेने चढा.

नोटेशनचं काय? इथे मी कडक आहे. ऐकून वाजवणारा माणूस पहिल्या दिवशी धडा ऐकतो, दुसऱ्या दिवशी पाठ वाजवतो आणि नजर मात्र पानावर ठेवतो, जणू वाचतोच आहे. शिक्षकांना हे कळत नाही अशा भ्रमात राहू नका. भातखंडे आणि पलुस्करांनी आपल्याला स्वरलिपी दिली खरी, पण आपण ती बंदिश जपून ठेवायला वापरली. गाताना समोर वही धरणारा विद्यार्थी कच्चा समजला जातो. पियानोत उलट आहे. तिथे पानावर दोन्ही हातांचं काम एकाखाली एक मांडलेलं असतं, आणि ते न वाचता आल्यास डावा हात कायम अंदाजपंचे राहतो. रोज दहा मिनिटं, चाल माहीत नसलेलं काहीतरी सोपं वाचून वाजवायचं. स्वरांखाली पेन्सिलीने सा-रे-ग लिहायचा मोह आवरा, कारण डोळे मग अक्षरांवर जातात आणि टिंबं वाचायला शिकतच नाहीत.

पुस्तकं मुलीच्या कपाटात असतीलच; तिची पहिली-दुसरी काढा. मोठ्यांसाठी अल्फ्रेड आणि फेबर यांची वेगळी पुस्तकं मिळतात, त्यांत बदकं आणि सशांची चित्रं नसतात एवढा तरी फायदा. माझी स्वतःची शिफारस बेला बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस'च्या पहिल्या भागाची. सहा भागांत 153 लहान रचना आहेत, आणि अगदी सुरुवातीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. पेटीवरून आलेल्या माणसासाठी याहून नेमकी पायरी मला माहीत नाही. त्या चालींना पूर्व युरोपातल्या लोकसंगीताची छाया आहे, त्यामुळे आपल्या कानाला त्या परक्याही वाटत नाहीत. आनोनच्या 1873 च्या बोटांच्या कवायती कुणीतरी सुचवेलच. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका, मनगटं दुखतील.

शिक्षक घ्यावा का? घ्यावा, निदान पहिले सहा महिने. ॲप तुम्ही बरोबर पट्टी दाबलीत का ते सांगतं, मनगट ताठ आहे ते त्याला दिसत नाही. वेंटवर्थव्हिल, गिरावीन, टूंगॅबी या पट्ट्यात घरी शिकवणाऱ्या शिक्षिका भरपूर आहेत. सिडनीत अर्ध्या तासाला साधारण 40-50 डॉलरच्या आसपास धरून चाला. ठरवताना एकच विचारा: मोठी माणसं शिकायला येतात का? ज्यांचे सगळे विद्यार्थी आठ-दहा वर्षांचे, त्यांना तुमचं पेटीचं ज्ञान अडगळ वाटण्याचा संभव असतो. परीक्षा देण्याची सक्ती कुठेच नाही. द्यावीशी वाटली तर 1918 पासून चालत आलेल्या ऑस्ट्रेलियन म्युझिक एक्झामिनेशन्स बोर्डाकडे नेहमीच्या अभ्यासक्रमाशेजारी 'पियानो फॉर लेझर' नावाचा हलका अभ्यासक्रम आहे, आणि अगदी नवशिक्यांसाठी 'पी प्लेट पियानो'. गाडीला लाल 'पी' लावून फिरणारी मुलगी त्यावर हसणार, तेवढी तयारी ठेवा. तिला फोनवर एखादा धडा घ्यायला सांगा, असं मी म्हणणार होतो. पण पोटच्या पोरांकडून शिकताना कुणाचा पारा कधी चढेल याची हमी मी देत नाही.

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसून आठवडाभर चादर घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण हाताला जे कळतं ते दोन बैठकांच्या मध्ये, झोपेत मुरतं. ती चादर मात्र कायमची कपाटात टाका.

प्रश्न : शेजारचं वयस्कर जोडपं घर विकतंय. त्यांचा जुना 'बील' कंपनीचा उभा पियानो ते आम्हाला फुकट देताहेत, फक्त उचलून न्यायचा. घ्यावा का? मुलगा सहा वर्षांचा आहे.
— टूंगॅबी

उत्तर : फुकट पियानो हा सिडनीतला नेहमीचा प्रकार आहे. मार्केटप्लेसवर रोज दोन-चार तरी दिसतात, आणि त्यांत बील हमखास असतो. ऑक्टेव्हियस बीलचा कारखाना ॲनंडेलला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इथला सर्वांत मोठा पियानो कारखाना होता, आणि त्याचे पियानो देशभर घराघरांत गेले. तारांच्या खुंट्या लाकडात न ठोकता लोखंडात बसवायची त्याने पेटंट घेतलेली पद्धत इथल्या कोरड्या उन्हाळ्याला तोंड देण्यासाठी होती. म्हणजे नाव खोटं नाही. पण शंभरीकडे झुकलेल्या वाद्याचं नाव पाहून निर्णय करता येत नाही.

जाऊन झाकण उघडा आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सावकाश दाबा. एखादी दाबली की वर येत नाही, एखादी नुसती ठक् करते. मधल्या भागात प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा असतात; त्या आपसांत बिघडलेल्या असल्या की आवाज वांव-वांव हेलकावतो. तेवढ्याने घाबरू नका, ते जुळवता येतं. मात्र सगळा पियानोच अर्धा-पाऊण पट्टी खाली उतरलेला असेल, तर तो पुन्हा ठरलेल्या उंचीला, म्हणजे 440 ला, ओढताना जुन्या गंजक्या तारा पटापट तुटू शकतात. उभ्या पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण काही टनांत जातो. त्याच्याशी घरगुती प्रयोग नकोत. ट्यूनरला तपासणीचे पैसे द्या आणि वाद्य हलवण्याआधी तिथेच दाखवा. तो 'जुळेल' म्हणाला, तर पियानो उचलणाऱ्यांचा दर विचारा. जिना असेल तर आकडा ऐकून 'फुकट' हा शब्द विसराल. आणल्यावर पुन्हा जुळवायचा खर्च वेगळा, आणि तो दरवर्षी.

हे सगळं धरून रक्कम हजाराच्या पुढे जात असेल, तर सहा वर्षांच्या मुलासाठी 88 जड पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो घ्या. यामाहा, रोलँड, कावाई, कॅसिओ, कुणाचाही चालेल. 61 हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र नको. त्यावर शिकलेली बोटं खऱ्या पियानोवर पहिल्याच दिवशी दमतात.

प्रश्न : आम्ही युनिटमध्ये राहतो. रात्री मुलं झोपल्यावर वाजवलं तर शेजारी तक्रार करू शकतात का?
— वेंटवर्थव्हिल

उत्तर : करू शकतात. न्यू साउथ वेल्सच्या नियमानुसार वाद्याचा आवाज रात्री 10 ते सकाळी 8 या वेळात शेजाऱ्याच्या राहत्या खोलीत ऐकू येता कामा नये. शुक्रवारी, शनिवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या आदल्या रात्री ही मर्यादा 12 पर्यंत सैल आहे. स्ट्राटाचे स्वतःचे नियम असतील ते वेगळे. हेडफोन लावला की सुटलो, असं मात्र समजू नका. जड पट्ट्यांची धपधप स्टँडच्या पायांतून खालच्या मजल्यावर उतरते, आणि खालच्याला सूर न ऐकता नुसते ठोके ऐकावे लागतात. स्टँडखाली जाड रबरी मॅट घाला.

प्रश्न : पियानोवर राग वाजवता येतात का, की तो हट्ट सोडावा?
— पुणे

उत्तर : मींड येणार नाही. तार पट्टीमागे दडलेली, तिला ओढायला बोट पोचत नाही. दोन पट्ट्यांमधल्या श्रुतीही नाहीत. हाच आक्षेप पेटीवर घेऊन आकाशवाणीने 1940 मध्ये तिला बाहेर काढलं होतं आणि 1971 पर्यंत दार उघडलं नाही. मधल्या काळात घरोघरी आणि मैफलींत पेटी वाजतच राहिली. पियानोवर राग मांडणारे लोक आज आहेत. उत्सव लाल हे त्यांतलं ठळक नाव. जेफ स्मिथ या इंग्रज संगीतकाराने वाजवता वाजवता स्वर सरकवता येतील असा 'फ्लुइड पियानो' 2009 मध्ये लोकांपुढे आणला, त्यावरही उत्सव लाल यांनी वादन केलं आहे. नेहमीच्या पियानोवर मात्र मींडेची नक्कल करायला दोन पट्ट्या घसरवणं कानाला बरं लागत नाही. त्यापेक्षा कणस्वर घ्या, आणि विरणाऱ्या स्वराला विरू द्या. संतूरवादकांनी हेच केलं आणि त्यातून स्वतःची वाट काढली.

नवशिक्याला आज संध्याकाळी करून पाहता येईल असं एक सांगतो. उजव्या पायाखालचं पेडल दाबून धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा मानलात तर त्या पाच काळ्यांत भूप आहे. सा काळी चारवर नेलात की त्याच पाच पट्ट्यांतून मेघाचे स्वर निघतात, काळी पाचवर मालकंस, काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. मूर्च्छनेचा हा खेळ पेटीवरही चालतो, पण पियानोवर डाव्या हाताने खालचा सा दर आवर्तनाला वाजवता येतो, आणि पेडलमुळे तो मागे गुंजत राहतो, म्हणून राग बदलल्याचं लगेच जाणवतं. मालकंसाला डाव्या हातात सा-प घालायची सवय आड येईल. मालकंसात पंचम नाही. सा-म धरा, म्हणजे काळी पाच आणि तिच्या वरची काळी दोन. धानी आणि मेघ यांच्यात गोंधळ होत असेल तर आधी भूप आणि मालकंस एवढेच घ्या. पेडल मात्र दर आवर्तनाला एकदा सोडून पुन्हा दाबायला विसरू नका, नाहीतर सगळे स्वर एकमेकांत मिसळतील.